पायाची बाही

सिस्टरनी खोक्यातून ती वस्तू बाहेर काढली, झटकली आणि "ही तुमची स्लीव्ह" असं म्हणत कॉटवर पसरली, त्याच क्षणी मास्तरांचं आणि त्या वस्तूचं बिनसलं.

"स्लीव्ह म्हणजे बाही," मास्तर म्हणाले. "बाही हाताला असते."

"ही पायाला असते."

"मग तिला मोजा म्हणा. बाही कशाला म्हणता?"

"तुम्ही तिला काहीही म्हणा, मास्तर. रोज सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास पायात घाला म्हणजे झालं."

मास्तरांनी बाही हातात घेतली. पावलापासून मांडीपर्यंत लांब, निळ्या जाड कापडाची, बाजूला चेन. त्यांनी ती उलटी केली, शिवण पाहिली, नाक मुरडलं. मग आतल्या लेबलावरचं एकुलतं एक इंग्रजी अक्षर वाचलं आणि त्यांचा चेहरा आंबला. हा पाय कुणाचा, पोटरी केवढी, घोटा कुठं, याची काहीएक चौकशी न करता कुठल्याशा कारखान्यात शेकड्यांनी शिवलेली ही चीज. अडतीस वर्षं ज्या माणसाने माप घेतल्याशिवाय रुमालसुद्धा कापला नाही, त्याच्यावर आयुष्याच्या उतरणीला तयार कपडा अंगावर घालायची वेळ आली होती.

पण इलाज नव्हता. अडतीस वर्षं मास्तर कटिंगच्या टेबलापुढे उभे होते. जाड फळीचं, कमरेइतकं उंच टेबल, आणि त्याच्यामागे गळ्यात टेप अडकवलेले मास्तर. कटिंग उभ्यानेच करायचं, बसून भाजी चिरतात, हे त्यांचं ठाम मत होतं. त्या उभं राहण्याचा हिशेब पायांनी मनात ठेवला आणि एके दिवशी वसूल करायला सुरुवात केली. डाव्या घोट्याच्या वर, आतल्या बाजूला, सायकलचं पेडल लागून ओरखडा उठला. ओरखड्याची जखम झाली आणि जखम दोन वर्षं मुक्कामाला राहिली. पांढरं मलम झालं, पिवळं मलम झालं, शेजाऱ्यांच्या मावशींचं हिरवं मलमही झालं. मलमं संपली, जखम संपली नाही. सुरुवातीला ती शर्टाच्या बटणाएवढी होती. पुढं कोटाच्या बटणाएवढी झाली. डॉक्टरांनी "केवढी आहे?" असं विचारलं तेव्हा मास्तरांनी "ओव्हरकोटाच्या बटणाएवढी" असं चोख उत्तर दिलं होतं. डॉक्टरांनी तरीही पट्टी लावून मोजली, याचा त्यांना राग आला होता.

"पायात रक्त खाली येतं," डॉक्टर म्हणाले होते, "पण वर जायला कंटाळा करतं. खालीच साचतं. पाय सुजतो, जखम भरत नाही."

"अगदी यांच्यावरच गेलंय," मास्तरांच्या बायकोने मान डोलावली. "माळ्यावरचा पंखा काढा म्हणून तीन महिने सांगतेय. वर चढायचं नाव नाही."

म्हणून हे यंत्र. एक पेटी, तिच्यात हवेचा पंप, पंपाला नळ्या आणि नळ्यांना ती बाही. बाहीत हवेचे सहा कप्पे. आधी पावलाचा फुगायचा, मग घोट्याचा, मग पोटरीचा, असं करत मांडीपर्यंत. टूथपेस्टची ट्यूब शेवटून दाबत आणावी तसं पायातलं रक्त वर रेटलं जायचं. मग सगळी हवा सुटायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

"सहा आठवडे मनापासून करा," डॉक्टर म्हणाले. "नाहीच जमलं, तर मांडीची थोडी कातडी काढून जखमेवर लावायची."

"म्हणजे ठिगळ?" मास्तरांनी विचारलं.

"ठिगळच म्हणा. आणि मग टेबलापुढे उभं राहणं कायमचं बंद."

ठिगळापेक्षा ते दुसरं वाक्य मास्तरांच्या जिव्हारी लागलं. कारण सध्या त्या टेबलापुढे त्यांचा मेव्हणा उभा होता.

मेव्हणा स्वभावाने सोन्यासारखा. फक्त त्याच्या हातात कात्री द्यायची नाही एवढंच. त्याने कापलेल्या शर्टाच्या दोन पुढच्या बाजू कधी एकमेकींच्या ओळखीच्या नसत. बँकेतल्या साहेबांच्या कोटाचा एक खिसा त्याने असा लावला होता, की साहेबांना पेन काढायला दरवेळी लवून नमस्कार करावा लागे. गिऱ्हाइकं येत, आरशात पाहत आणि "मास्तर कधी येणार?" असं विचारून जात. आणखी वर्षभर हा मेव्हणा टेबलापुढे राहिला तर विचारायलाही कुणी येणार नाही, हे मास्तरांना दिसत होतं. जखम भरायची आणि टेबल परत घ्यायचं, एवढा एकच ध्यास त्यांनी घेतला होता.

सिस्टरनी जाताना बजावलं होतं, "दवाखान्याकडे अशी चारच मशिनं आहेत. मागे अकरा पेशंट रांगेत उभे आहेत. मी दर पंधरा दिवसांनी येऊन बघणार. सांगितलं तसं वापरलं नाही, मशिनशी खेळ केला, तर दुसऱ्या दिवशी मशीन रांगेतल्या पुढच्याकडे. मग मला मास्तर-बिस्तर काही कळणार नाही."

"आणि ही घट्ट किती बसायला हवी?"

"दोन बोटं आत जातील एवढी. जास्त नाही, कमी नाही."

हे वाक्य सिस्टरनी सहज टाकलं. शिंप्याच्या डोक्यात ते कोरलं गेलं.

पहिले तीन आठवडे मास्तरांनी यंत्राशी प्रामाणिकपणे संसार केला. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. बायको समोर घड्याळ घेऊन बसे. पंप घुर्र करी, बाही फुगे, मास्तर छताकडे बघत, हवा सुटली की तेही सुस्कारा टाकत. पंधराव्या दिवशी सिस्टर आल्या तेव्हा जखम ओव्हरकोटावरून कोटावर आली होती. मास्तरांनी हर्षभराने मेव्हण्याला निरोप धाडला, "नवीन ऑर्डर घेऊ नकोस. मी येतोय."

आणि मग चौथ्या आठवड्याच्या सुरुवातीला त्यांच्या लक्षात आलं, की बाहीत तीन बोटं जातायत.

दोन दिवसांनी चार गेली. बुधवारी त्यांनी पोटरीपाशी अख्खा तळहात सारून पाहिला. गेला. वर आत हलवतासुद्धा आला.

"बघितलंस?" त्यांनी बायकोला हाक मारली. "तीन आठवड्यांत कापड सैल पडलं! कारखान्याचा माल. मी शिवलेला कोट माणूस तीस वर्षं घालतो."

"उद्या नाही तर परवा सिस्टर येतीलच. त्यांना दाखवा."

"त्या काय करणार? त्या शिंपी आहेत का?"

"आणि तुम्ही डॉक्टर आहात का?"

यावर मास्तर गप्प बसले. मास्तर गप्प बसले की बायकोला वाटे विषय संपला. लग्नाला तेहतीस वर्षं होऊनही तिचा हा गैरसमज टिकून होता.

गुरुवारी सकाळचा तास संपला. बायको बाजारात गेली. तिची पावलं जिन्यावर ऐकू येईनाशी झाली, तसे मास्तर उठले, कॉटखालचा शिवणाचा डबा ओढला आणि बाही मांडीवर घेतली. आत हवेचे कप्पे आहेत हे ते जाणून होते. कप्प्यांना धक्काही लावायचा नव्हता. नुसतं वरचं कापड उसवायचं, पोटरीपाशी दोन्हीकडून पाऊण पाऊण इंच आत घ्यायचं आणि टीप मारायची. कोटाच्या अस्तराला न दुखावता कोट आवळणाऱ्या माणसाला हे काय अवघड?

अर्ध्या तासात काम झालं. आणि काय झालं! शिवण अशी, की मूळची कुठली आणि मास्तरांची कुठली हे कारखान्याच्या मालकालाही ओळखू आलं नसतं. मास्तरांनी बाही पायात चढवली. पोटरीवर चपखल. बोटं घालून पाहिली. दोन. बरोबर दोन. समाधानाने त्यांनी पंप चालू केला.

पावलाचा कप्पा फुगला. घोट्याचा फुगला. पोटरीचा फुगायला लागला आणि मध्येच विचार बदलल्यासारखा थांबला. कुठूनतरी 'सूंऽऽ' असा बारीक आवाज आला. पेटीवर लाल दिवा लागला आणि पेटी पीं पीं करू लागली.

सुईचं एक टोक. एकच. कप्प्याची नुसती विचारपूस करून आलं होतं.

दुसरा कुणी असता तर घाबरला असता. मास्तरांनी फक्त पंप बंद केला. भोक पडलं तर काय करायचं हे त्यांना ठाऊक होतं. कॉलर ताठ राहावी म्हणून आतून जे चिकटणारं बुकरम लावतात, त्याचा बोटभर तुकडा त्यांनी कापला, भोकावर ठेवला आणि वरून गरम इस्त्री फिरवली. बुकरम इस्त्रीने चिकटतं, यात वाद नाही. पण कप्पा कापडाचा नव्हता. त्याला इस्त्रीची सवय नव्हती. खोलीत जळका वास सुटला, आणि मास्तरांनी इस्त्री उचलली तेव्हा पोटरीचा कप्पा आणि गुडघ्याचा कप्पा यांच्यामधली भिंत विरघळून दोघांचं एकत्र कुटुंब झालं होतं. सुईच्या भोकाच्या जागी आता करंगळी जात होती.

आता मात्र मास्तरांना घाम फुटला. डोळ्यांपुढे अकरा पेशंट एका रांगेत उभे राहिले. पेटी घेऊन निघालेल्या सिस्टर दिसल्या. त्यांच्यामागे टेबलापुढे उभा मेव्हणा दिसला, आणि तो हसत होता.

त्यांनी पेटीतून नळ्या उपसल्या, बाही गुंडाळून काखेत मारली आणि लंगडत जिना उतरले.

चौकाच्या कोपऱ्यावर पंक्चरवाल्याचं दुकान होतं. सगळा धंदा हवेचा म्हणून गल्लीने त्याचं नाव हवालदार ठेवलं होतं, आणि गेल्या वीस वर्षांत त्यानेही ते मनोभावे स्वीकारलं होतं. मास्तरांनी इकडंतिकडं पाहून बाही त्याच्यापुढे ठेवली.

"काय हो हे, मास्तर? हत्तीचा मोजा?"

"विचारू नकोस. हवा जाते. बंद करता येईल?"

हवालदाराने बाही हाताळली, कानाशी धरून दाबली, नळ्यांची तोंडं तपासली. त्याचे डोळे लकाकले. सायकल, स्कूटर, हातगाडी, फुटबॉल, सगळ्यांचं पंक्चर काढून झालं होतं. हे नवीन होतं.

"हवा कुठून जाते हा प्रश्नच नाही," तो म्हणाला. "हवा का जाते, हा प्रश्न आहे."

"का जाते?"

"हे कुणी बनवलंय त्याला धंदा कळत नव्हता. भोक सोडा. ह्या नळीच्या तोंडाला बघा. व्हॉल्व्हच नाही! जिथून हवा आत जाते तिथूनच बाहेर येणार. मग राहील कशी?"

मास्तरांना हे मनापासून पटलं. त्यांच्या मनात आधीपासूनच होतं, की हा माल मुळात नीट बनवलेलाच नाही.

हवालदाराने कामाला हात घातला. बाही पाण्याच्या टबात बुडवली, बुडबुडे पाहिले, पुसली, कानशीने घासली, सोल्यूशन लावलं, रबराचा भला मोठा तुकडा ठोकून बसवला. मग हौसेने सगळ्या नळ्या एकत्र बांधल्या आणि त्यांच्या तोंडाला स्कूटरच्या ट्यूबचा चकचकीत व्हॉल्व्ह बसवला. तो पक्का राहावा म्हणून त्यावरही सढळ हाताने सोल्यूशन ओतलं.

"आता एकदा हवा गेली की बाहेर यायची नाही. माझी गॅरंटी. घाला पायात, टेस्ट करू."

"इथं? रस्त्यावर?"

"टेस्ट केल्याशिवाय माल सोडत नाही मी. घाला."

मास्तर बाकावर बसले. बाही पायात गेली, चेन वर गेली, हवालदाराने कॉम्प्रेसरची नळी लावली. सगळे कप्पे एकदम, एका दमात, भरभरून फुगले. बाही टणक झाली. मास्तरांचा पाय समोर ओंडक्यासारखा सरळ उभा राहिला.

"वा!" हवालदार म्हणाला.

"वा," मास्तर म्हणाले. "आता सोड."

हवालदाराने व्हॉल्व्हची पिन दाबली. पिन हलली नाही. त्याने नखाने दाबली, खिळ्याने दाबली, पक्कडीने धरली. सोल्यूशन पिनेपर्यंत उतरून सुकलं होतं. पिन कायमची समाधीत गेली होती. चेन ओढून पाहिली. आतल्या हवेने ती अशी ताणली होती, की एक दात सरकेना. चौकातली पाचसहा माणसं जमली. एकाने पायाला टिचकी मारून पाहिली. दुसऱ्याने मागे उभं राहून "हवा जास्त झाली" असा निर्णय दिला.

"अरे, हवा काढ!" मास्तर ओरडले.

"निघत नाही ना! गॅरंटी दिली होती मी तुम्हाला."

"खड्ड्यात गेली गॅरंटी! टोच काहीतरी! पंक्चर कर!"

हवालदार दोन पावलं मागे सरला. त्याचा चेहरा गंभीर झाला.

"मास्तर, काहीही सांगा, ते नाही जमणार. वीस वर्षं लोक म्हणतात, हवालदार रस्त्यात खिळे टाकतो. वीस वर्षं मी आईची शपथ घेऊन सांगतोय, की मी पंक्चर काढलंय, केलं नाही. आणि आज भर चौकात, एवढ्या लोकांसमोर, स्वतःच्या हाताने पंक्चर करू?"

जमलेली माणसं ओशाळून एकमेकांकडे बघू लागली. त्यांतले दोघं नेमके हेच म्हणणारे होते.

"अरे पण माझा पाय..."

"तुम्ही स्वतः करा. मी तिकडं तोंड करतो."

"कात्री घरी राहिली!" मास्तर रडवेले होऊन म्हणाले. अडतीस वर्षांत कात्रीशिवाय घराबाहेर पडायची ही त्यांची पहिलीच वेळ.

एवढ्यात गर्दी दुभंगली. पुढे सिस्टर आणि मागे पिशवी घेतलेली बायको. शुक्रवारी मीटिंग निघाली म्हणून सिस्टर आदल्या दिवशीच आल्या होत्या. घरात जळका वास, बाहीविना पेटी, आणि पेशंट गायब. बायकोने दुकानात फोन लावला, तेव्हा मेव्हणा म्हणाला, "दाजी मघाशी चौकाकडे गेले. काखेत निळं काहीतरी होतं. मला वाटलं उशी."

सिस्टर पुढे झाल्या. खाली बसल्या, बाहीतून डोकावणारी बोटं पाहिली, दाबली.

"हलवा."

मास्तरांनी बोटं हलवली.

"मुंग्या?"

"यायला लागल्यायत."

सिस्टरनी बॅगेतून इंजेक्शनची जाड सुई काढली आणि कप्प्यांवरून भराभर टोचत गेल्या. पाच वेळा फुस्स झालं. हवालदाराने प्रत्येक वेळी डोळे मिटले. बाही लोळागोळा होऊन खाली आली, चेन उघडली आणि मास्तरांचा पाय पुन्हा जगात आला.

"आता सांगा," सिस्टर म्हणाल्या. "हे रबर कुणाचं?"

"ह्याचं."

"इस्त्री?"

"माझी."

"आणि ही शिवण?"

मास्तरांनी मान खाली घातली. पण त्या अवस्थेतही त्यांना राहवलं नाही. "ती मूळची वाटतेय ना?"

"अहो!" बायको ओरडली.

"काय करणार, सिस्टर? ढिली पडली होती हो. तुम्हीच म्हणालात, दोन बोटं. तळहात जात होता आत! मी म्हटलं, कारखान्याचं कापड, सैल सुटलं असेल, म्हणून..."

सिस्टरनी हात वर केला. मास्तर थांबले. सिस्टरनी पुढे वाकून मास्तरांच्याच गळ्यातला टेप ओढून घेतला, त्यांच्या पोटरीभोवती गुंडाळला आणि आकडा पाहिला. मग फाईल उघडली.

"पहिल्या दिवशी पोटरी किती होती, माहितीये? सव्वासतरा इंच. आत्ता बघा, तुमचाच टेप आहे."

मास्तरांनी पाहिलं. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. पंधराला एक सूत कमी.

"बाही ढिली नाही झाली, मास्तर. पाय उतरलाय. दोन वर्षांची सूज तीन आठवड्यांत गेली. मशीन लागू पडलं की हे असंच होतं, तीन-चार आठवड्यांत मोठी बाही ढिली होते. म्हणून तर मी आज माप घ्यायला आले होते."

त्यांनी कडेला लावलेल्या आपल्या स्कूटरच्या डिकीतून नवी निळी बाही काढली. लेबलावर दुसरं अक्षर होतं.

मास्तरांनी आयुष्यभर लोकांच्या कंबरा, छात्या, दंड मापले. कुणाचं पोट कधी सुटलं आणि कुणाचं कधी उतरलं हे त्यांना त्या माणसाच्या बायकोआधी कळे. आणि स्वतःचा पाय सव्वादोन इंच आणि वर एक सूत बारीक झाला तर त्यांनी कापडाला दोष दिला होता.

घरी जाऊन सिस्टरनी पट्टी सोडली. जखम शर्टाच्या बटणाएवढी होती, तीही कडेनं गुलाबी होत आलेली. बायकोने पदराने डोळे टिपले आणि लगेच मास्तरांकडे रागाने पाहिलं.

"सिस्टर," मास्तर अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मशीन नेणार का?"

सिस्टरनी पेटीकडे पाहिलं, फाटक्या बाहीकडे पाहिलं, बराच वेळ जखमेकडे पाहिलं.

"बाहीचा जीव गेलाय, पंपाचा नाही. जखम एवढी आल्यावर मशीन काढून नेलं, तर मलाच झोप यायची नाही. पण दोन अटी. एक, तो तासभर यांच्या हातांत सुई, कात्री, इस्त्री काही यायचं नाही. काकू, ते तुमच्याकडे."

"आजपासून मी डब्यावर बसते," बायको म्हणाली.

"आणि दुसरी, त्या हवालदारांना ह्या घराचा जिना चढू द्यायचा नाही."

दुसरी अट पाळणं कठीण गेलं नाही. हवालदार आठवडाभर लोकांना एकच गोष्ट सांगण्यात गुंतला होता, की त्याने भरलेली हवा काढायला शेवटी दवाखाना बोलवावा लागला.

आणखी तीन आठवड्यांनी जखमेवर नवी कातडी आली. सिस्टर स्वतः आल्या, भिंग लावून पाहिलं, पेटी खोक्यात भरली आणि म्हणाल्या, "भरली, मास्तर. आता ह्यापुढे..." आणि त्या पुढे बरंच बोलल्या. घट्ट मोज्यांबद्दल बोलल्या, पाय उंच ठेवण्याबद्दल बोलल्या, आणखी एका गोष्टीबद्दल तर तीन वेळा बोलल्या. बायको सगळं लिहून घेत होती. मास्तरांना 'भरली'च्या पुढचं काही ऐकूच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी स्वतः शिवलेला पांढरा शर्ट घातला, खिशात खडू टाकला, गळ्यात टेप अडकवला, कात्री हातात घेतली आणि न लंगडता दुकानाच्या पायऱ्या चढले. टेबलापुढे जाऊन ते ताठ उभे राहिले. कात्री टेबलावर ठेवायला त्यांनी हात पुढे केला, आणि कात्री हवेतच राहिली.

टेबल गुडघ्याच्या जरा वर होतं.

मास्तरांनी आधी स्वतःकडे पाहिलं. यंत्राने पायाची लांबीही वाढवली की काय, अशी एक शंका त्यांना चाटून गेली. मग त्यांनी कोपऱ्यात पाहिलं. तिथं लाकडाचे चार ठोकळे एकावर एक रचून ठेवले होते. त्यांच्याशेजारी मेव्हणा उभा होता, हात पाठीमागे घेऊन.

"माझं टेबल!" मास्तर किंचाळले. "टेबलाचे पाय कापलेस?"

"ताईनं सांगितलं, दाजी."

ताई मागोमाग आलीच होती. तिच्या एका हातात खुर्ची होती, दुसऱ्या हातात बुटकं स्टूल. "सिस्टर काल काय म्हणाल्या?" तिने विचारलं.

"भरली म्हणाल्या."

"त्याच्यापुढं?"

"त्याच्यापुढं काही नाही म्हणाल्या."

"तीनदा म्हणाल्या! उभ्यानं काम कराल तर सहा महिन्यांत पुन्हा तिथंच भोक. आणि तुमचं टेबल उंच असतं तर तुम्ही बसला असतात? खुर्चीची उंची मोजून दिली मी ह्याला. बसा."

"कटिंग बसून होत नसतं!"

"बसा."

आपण केवळ नीट भांडता यावं म्हणून बसतोय, असा चेहरा करून मास्तर बसले. डावा पाय बायकोने उचलून स्टुलावर ठेवला. मास्तरांनी तोंड उघडलं आणि सवयीने कोपर टेबलावर टेकवलं. कोपर बरोबर टेबलावर आलं. ना वर, ना खाली. त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

दोष कुठंतरी असणार. मेव्हण्याने कापलंय म्हणजे असणारच. त्यांनी डब्यातलं दोऱ्याचं रीळ घेतलं आणि टेबलावर आडवं ठेवलं. रीळ जागचं हललं नाही. त्यांनी टेप काढला आणि वाकून चारी पाय मोजले. मग उलट बाजूने मोजले. दोऱ्याचासुद्धा फरक नव्हता.

"कुठल्या सुताराकडून कापून आणलंस?"

"मीच कापलं, दाजी. करवतीनं. चार-चार वेळा मोजून."

"मग शर्ट का नाही मोजत चार वेळा?"

"शर्ट कापताना ताई समोर उभी नसते."

बाहेर पहिलं गिऱ्हाईक पायरी चढत होतं. मास्तरांनी कापडाचा तागा टेबलावर पसरला, बसल्या बसल्या हात फिरवला, स्टुलावरचा पाय जरा सैल सोडला. पाठीला खुर्चीची पाठ लागली. अडतीस वर्षांत दुकानात त्यांच्या पाठीला पहिल्यांदाच कशाचा तरी आधार मिळत होता. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, बायको गेल्याची खात्री करून घेतली आणि आवाज खाली आणून मेव्हण्याला जवळ बोलावलं.

"ते इस्त्रीचं टेबल," ते म्हणाले, "तेही जरा उंचच आहे, नाही?"

मेव्हणा करवत आणायला आत गेला.